आमचे जटाधारी नगरसेवक

परवा आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. द हेगच्या संसदेत एक म्हातारे गृहस्थ निरोपाचं भाषण करतायत. काळेसावळे, उंच, अंगात साधा करडा कोट, आणि डोक्यावरच्या पांढऱ्या जटा पाठीवरून थेट कमरेपर्यंत आलेल्या. भाषण ओढ्या-नाल्यांबद्दल. खाली एकाने विचारलं, 'हे कोण साधुबाबा?' त्यावर चार-पाच जणांनी हसरे चेहरे टाकले. मी रागाने उत्तर लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं, कारण ते एका ओळीत मावणारं नव्हतं. काय लिहू? हे माझ्या आईचे मानलेले भाऊ, असं लिहू? यांनी मला पोहायला शिकवलं, असं लिहू? की ज्यांच्या एका मतावर आमचं इथलं अख्खं बिऱ्हाड टांगलेलं होतं ते हे, असं? ग्रुपवर हे सांगण्यात अर्थ नाही. म्हणून इथे लिहिते.

तेव्हा आम्ही ब्रेडा शहराच्या पलीकडे, बसने जरा आत गेलं की लागणाऱ्या एका लहान गावात राहत होतो. नाव सांगत नाही, गाव भलं होतं. दोन मजली घरांची रांग, वरच्या मजल्यावर आम्ही तिघं, मागे एक कालवा आणि कालव्यापलीकडे नजर पोचेल तिथवर ओलं हिरवं कुरण. बाबा पुण्याचे, एका मालवाहतूक कंपनीत कॉम्प्युटरच्या खात्यात होते. कुठला खोका गोदामातल्या कुठल्या फळीवर आहे हे कॉम्प्युटरला कळावं, ही त्यांची नोकरी. आमचा या देशात राहण्याचा परवाना त्या नोकरीला बांधलेला होता. नोकरी असेल तर आपण आहोत, हे मला शाळेच्या पत्त्यासारखं पाठ होतं. आईच्या कागदांवर 'अवलंबित' असा शिक्का होता. ती म्हणायची, "मी इथे खुंटीला टांगलेला सदरा आहे, तुझे बाबा घालतील तेव्हा हलायचं." असं म्हणायची आणि दिवसभर घर डोक्यावर घ्यायची. हिंदुस्थानी दुकान थेट अ‍ॅमस्टेलव्हीनला. तिथून तूरडाळीची पोती चाकांच्या पिशवीत घालून ट्रेनने ओढत आणायची, आणि मी लाजून डब्याच्या दुसऱ्या टोकाला बसायची.

एल्विनकाका आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. आम्ही आलो त्याच आठवड्यात जिन्यात आईची आणि त्यांची गाठ पडली. आईच्या काखेत तांदळाची पिशवी. समोरून हा सहा फुटी माणूस वर आला आणि डोक्यावरची विणलेली टोपी काढताच जटा खाली सुटल्या. आई गडहिंग्लजकडची. तिकडे बाईच्या केसांत जट आली की तिला कुणी कात्री लावत नाही. ती देवीची म्हणायची, आणि पुढे त्या बाईचं काय करायचं ते गाव ठरवणार. आईच्या सख्ख्या मावशीचं तसंच झालं होतं. तर आमच्या मातोश्रींनी पिशवी पायरीवर ठेवली, पदर सावरला आणि त्या परक्या माणसाला वाकून नमस्कार केला. मला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं. पण ते हसले नाहीत. त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला, डोळे मिटले आणि पिशवी उचलून आमच्या दाराशी आणून ठेवली. रात्री बाबा हसून लोटपोट झाले. म्हणाले, "अगं, ती जट नाही, ते फॅशन म्हणून ठेवतात." आई म्हणाली, "फॅशनवाल्याचे डोळे तसे नसतात." आणि विषय तिथे संपला.

फॅशन नव्हतीच ती. ते सुरिनामचे, रास्ताफारी पंथाचे. डोक्याला वस्तरा लावायचा नाही हे त्यांचं व्रत, आणि ते त्यांनी विशीत स्वतःहून घेतलेलं. आईला हे कळलं तेव्हा तिने हातातली सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "आमच्या मावशीला कुणी विचारलं नव्हतं हो." तिकडे पारामारिबो शहरात त्यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली हिंदुस्थानी कुटुंबं होती, त्यामुळे त्यांना भाजी, रोटी, दाल असे शब्द यायचे. आईला ते 'भौजी' म्हणायचे, म्हणजे वहिनी. आई त्यांना एल्विनभाऊ. आईचं हिंदी, त्यांचं तिकडचं हिंदी, आईचं वर्गात शिकलेलं डच आणि उरलेलं हातवाऱ्यांनी, अशी त्यांची गप्पांची खिचडी तासन्‌तास चालायची. द हेगला सुरिनामी दुकानांत भेंडी, कारली, दुधी, वीतभर लांब चवळीच्या शेंगा सगळं मिळतं, हे आम्हाला त्यांनीच दाखवलं. ट्राममधून उतरल्यावर त्या दुकानातला कारल्यांचा ढीग बघून आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कारल्यासाठी रडलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

जेवायचे मात्र ते अळणी. मांस-मासे नाहीत, दारू नाही, डबाबंद काही नाही आणि मीठही नाही. दुसरी कुणी बाई असती तर वैतागली असती. आईला उलट हुरूप आला. तिच्या माहेरी चातुर्मासात कुणी ना कुणी मिठाचा नेम धरायचंच, त्यामुळे अळण्याला चव कशी आणायची हे तिला हातचं होतं. त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात नारळाच्या दुधातला दुधी, वर आलं, ओली मिरची, लिंबू. मसूर शिजवताना मूठभर कोथिंबिरीची देठं. रविवारी संध्याकाळी खालून ढोलांचा आवाज यायचा. त्यांच्या पंथाचे लोक रॉटरडॅमहून यायचे, तीन ढोल घुमायचे, त्यातला मोठा छातीत वाजायचा. जिन्यात एक उग्र वास पसरायचा. आई नाक मुरडून म्हणायची, "गोसावी जमलेत," आणि वरून पातेलं घेऊन खाली जायची. तो वास कसला ते तिला पक्कं ठाऊक होतं. बाबांनी शंका काढली की म्हणायची, "महाशिवरात्रीला तुमच्या पुण्यात काय ताक पितात?"

आता ते नगरसेवक कसे झाले ते सांगते. ते गावच्या तलावावर पोहायला शिकवायचे. या देशात मुलाला पोहता आलंच पाहिजे, नाहीतर आई-बाप झोपणार नाहीत, कालवे पावलोपावली. मी अकरा वर्षांची घोडी, सहा-सहा वर्षांच्या चिमुरड्यांबरोबर वर्गात. परीक्षेला कपडे आणि बूट घालून पाण्यात उडी मारायची असते. मी काठावरच अडून उभी होते. एल्विनकाकांनी सगळ्या जटा एका प्रचंड रबरी टोपीत कोंबल्या होत्या, डोक्यावर भोपळा ठेवल्यासारख्या. ते ओरडले नाहीत, ढकललं नाही. पाण्यात उतरून म्हणाले, "पाणी तुझ्या आधीपासून इथे आहे. त्याला नमस्कार कर आणि ये." गावातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला त्यांनी असं पाण्यात घेतलं होतं. त्यामुळे शेतांतली खतं ओढ्यात उतरून पाणी हिरवं पडायला लागलं आणि काकांनी एकट्याचा पक्ष काढून निवडणूक लढवली, तेव्हा गावातल्या आया मुकाट्याने मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे लाल पेन्सिलीची खूण करून आल्या. नवरे कुणालाही देवोत. गावाला वाटलं होतं गंमत होईल. झाले की निवडून.

सभागृहात त्यांची तऱ्हा वेगळीच होती. बोलायला उभे राहिले की आधी डोळे मिटून थांबायचे, लोक चुळबुळायला लागेपर्यंत. मग हळू आवाजात बोलायचे. कधी आवाज चढवला नाही, कधी कुणाला टोमणा नाही. शपथ त्यांनी घेतली नव्हती. देवाचं नाव कागदासाठी घेणार नाही, वचन देतो, म्हणाले. कायद्यात तशी सोय आहे. त्यांच्या पंथात दुष्ट राजसत्तेला बॅबिलोन म्हणतात, आणि निवडणुका, सभागृहं, खुर्च्या हे सगळं त्यात आलं. रॉटरडॅमच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना बजावलं की तू बॅबिलोनच्या घरात पाऊल टाकलंस. ते म्हणाले, ओढा त्या घरातून वाहतो, मी काय करू? त्यानंतर रविवारचे ढोल थांबले. बरेच महिने खालून काहीच आवाज येत नसे. आई पातेलं घेऊन जायची तेव्हा ते एकटेच मोठा ढोल मांडीवर घेऊन, न वाजवता बसलेले असायचे. ते ओढ्या-कुरणांसाठी आपली माणसं गमावून बसलेत, हे मला त्या वयातही कळत होतं. एवढं एखाद्या गोष्टीवर कुणाचं प्रेम असतं, हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

एका वसंतात ते मला आणि आईला भल्या पहाटे कुरणावर घेऊन गेले. धुकं गुडघ्यापर्यंत. आईने साडीवर बाबांचे गमबूट चढवलेले. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही उभ्याच. मग धुक्यातून तो आवाज आला, 'ग्रुट्टो, ग्रुट्टो,' आणि लालसर मानेचा, लांब चोचीचा एक पक्षी आमच्या डोक्यावरून वर चढत गेला, मग दुसरा, मग कुरणभर तेच. ग्रुटो त्याचं नाव. थंडीत आफ्रिकेत असतो आणि वसंतात याच ओल्या मातीत अंडी घालायला येतो, मागच्या वर्षी जिथे घातली त्याच्या आसपासच. काकांच्या पंथाचं सगळ्यात मोठं स्वप्न म्हणजे आफ्रिकेला परत जाणं. ते पक्ष्याकडे बघत पुटपुटले, "हा दर वर्षी जातो आणि परत येतो. त्याला दोन्हीकडे घर आहे." आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी आज जलव्यवस्थापनाच्या खात्यात नोकरी करते, दिवसभर नकाशे आणि पाण्याच्या पातळ्या बघते. कुणी विचारलं की हे कुठे शिकलात, तर मी विद्यापीठाचं नाव सांगते. खरं उत्तर त्या पहाटेचं आहे.

आणि त्याच कुरणावर बाबांच्या कंपनीची नजर गेली. तिथे त्यांना गोदाम बांधायचं होतं, एवढं मोठं की एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं दिसू नये. गावाने परवानगी दिली तर कंपनी इथे राहणार. नाही दिली तर ती सगळा गाशा गुंडाळून सरहद्दीपलीकडे जाणार, आणि कॉम्प्युटरचं खातं बंद. बाबांनी हे जेवताना सांगितलं, आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता. मग म्हणाले, "मग परवाना संपेल तेव्हा आपल्याला जावं लागेल." माझं शाळेचं शेवटचं वर्ष सुरू व्हायचं होतं. मी पुण्याची राहिले नव्हते आणि इथलीही पुरती झाले नव्हते. त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. गावच्या सभागृहात एक जागा रिकामी होती आणि उरलेल्यांची मतं सगळ्यांना पाठ होती. एल्विनकाकांचं मत विरोधात धरलं तर दोन्ही बाजू समसमान, आणि समसमान मतं पडली की ठराव पडतो असा नियम. म्हणजे एका माणसावर आलं होतं सगळं, आणि तो माणूस आमच्या खालच्या मजल्यावर दुधीची भाजी खात होता.

आईने जे केलं ते आपल्याकडची कुठलीही बाई करेल. गडहिंग्लजला नळाचं पाणी येत नसेल, मुलाला शाळेत घेत नसतील, तर सकाळी नगरसेवकाच्या दारात जायचं, चहा घ्यायचा, शब्द टाकायचा. त्यात कुणाला गैर वाटत नाही. नगरसेवक असतोच कशाला? इथे तर तो भाऊ मानलेला. बाबा म्हणाले, असलं काही करू नकोस. आई म्हणाली, मी काही लाच देत नाहीये, बोलतेय फक्त. आणि पुढच्या शुक्रवारी ते जेवायला आले तेव्हा तिने आधी पोटभर वाढलं, मग समोर बसून सगळं सांगितलं. परवाना, माझी शाळा, बाबांचं वय, पुण्यात परत शून्यापासून सुरुवात. शेवटी म्हणाली, "एल्विनभाऊ, या एकदाच आमच्यासाठी हात वर करा." ते खायचे थांबले. ताट संपवलं नाही. त्यांनी ताटाला हात लावून कपाळाला लावला आणि खाली निघून गेले. आई ताट उचलताना म्हणाली, "विचार करतायत." तिच्या आवाजात आशा होती. 

सभेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या उन्हात ते वर आले. आत या म्हटलं तर उंबऱ्यातच उभे राहिले. बाबाही घरी होते. काका सावकाश, माझ्याकडे बघत डचमध्ये बोलले, म्हणजे मी आईला नीट सांगावं. "भौजी, तू माझ्याकडे मागितलंस. आता मी विरोधात मत दिलं तर मला कळणार नाही की ते कुरणासाठी दिलं की मी विकला गेलो नाही हे दाखवायला. बाजूने दिलं तर मी तुझ्या हातच्या जेवणाचं मोल दिलं. माझं मत आता स्वच्छ राहिलं नाही. उद्या मी सभागृहात हे सांगणार आणि मत देणार नाही." मी शब्द न् शब्द आईला मराठीत सांगितला. सांगता सांगता मला हिशेब कळला. त्यांचं मत नसेल तर ठराव मंजूर. गोदाम होणार, बाबांची नोकरी राहणार, आम्ही राहणार. कुरण जाणार. बाबांच्या चेहऱ्यावरून एक सावली हटली, मी ती हटताना पाहिली. आणि काकांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मला आजही समजत नाही. ज्या ओढ्या-कुरणांसाठी त्यांनी आपली माणसं गमावली, त्यातलं हे कुरण, ते आमच्यामुळे हातचं जात होतं, आणि ते आईला 'भौजी'च म्हणत होते.

आई त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उभीच होती. गॅस पेटलेला, वर काही नाही. बाबा आत गेले, म्हणाले, "झालं ते झालं. त्यांचा निर्णय त्यांनी घेतला. आपण मागितलं तेच मिळालं ना?" आई म्हणाली, "मी मत मागितलं होतं हो. मी त्यांचं व्रत मोडायला गेले नव्हते."  नंतर ती माझ्याकडे आली, वर्गातलं डच शिकायचं पुस्तक हातात घेऊन, आणि विचारलं की गावच्या सभेत साध्या माणसाला बोलता येतं का. येतं, सभेच्या सुरुवातीला, आधी नाव द्यावं लागतं. तिने सकाळी स्वतः जाऊन नाव दिलं. मी म्हटलं, मी तुझ्याबरोबर उभी राहते, तू मराठीत बोल, मी सांगते. ती म्हणाली, "नको मिने. हे माझ्या तोंडातून गेलं होतं, माझ्याच तोंडाने परत यायला हवं." दिवसभर ती भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ओठ हलवत होती. आम्ही अडवलं का नाही, असं मला पुढे माझ्या मुलीने विचारलं. अगं, त्या दिवशी तिला अडवायची आमची कुणाची छाती नव्हती.

जूनची संध्याकाळ. इथे तेव्हा दहापर्यंत ऊन असतं, सभागृहाच्या उंच खिडक्यांतून ते लोकांच्या तोंडावर येत होतं. कंपनीने आपल्या माणसांना गॅलरीत येऊन बसायला सांगितलं होतं, त्यामुळे बाबा त्यांच्या साहेबांच्या शेजारी, आणि मी बाबांच्या शेजारी. आई पुढे, बोलणाऱ्यांच्या रांगेत एकटी, जांभळ्या काठाची नारायणपेठ नेसून. तिचं नाव पुकारलं गेलं, अर्थातच चुकीच्या उच्चारात. ती माइकपाशी गेली. माइक तिच्या उंचीला लागेना, कुणीतरी येऊन खाली केला. तिचं डच मोडकं होतं, क्रियापदं कुठेही पडत होती, पण ते शब्द मला अजून तसेच्या तसे ऐकू येतात. "माझा नवरा त्या कंपनीत काम करतो. गोदाम झालं तर आम्ही इथे राहतो. म्हणून मी एल्विन साहेबांना माझ्या घरी जेवायला बोलावलं आणि मत मागितलं. माझ्या गावात असं करतात. इथे ते चूक आहे. त्यांनी मला काहीही दिलं नाही. मी माझं मागणं परत घेते. आता ते मोकळे आहेत. त्यांनी मत द्यावं, त्यांना हवं तसं." मग थांबली, पुस्तकातला शेवटचा शब्द आठवला, "धन्यवाद," आणि जागेवर जाऊन बसली.

 मला वाटलं होतं लोक हसतील. एकही जण हसला नाही. खाली आपल्या जागेवर एल्विनकाका डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पुसतही नव्हते. सभेच्या अध्यक्षांनी त्यांना विचारलं की आपण मतदानात भाग घेणार का. ते उभे राहिले. नेहमीसारखे थांबले. मग म्हणाले, "मी मतदान करणार नाही, असं सांगायला मी आलो होतो. पण माझं मत या बाईंनी मला धुऊन परत दिलं आहे. मी करणार."

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मनावर ओझं राहणार नाही. कंपनी गेली. पानगळ सुरू झाली तेव्हा आम्ही पुण्यात होतो. बाबांना तिथे तीनदा नोकरी बदलावी लागली आणि ते लवकर म्हातारे झाले. मी शिष्यवृत्ती मिळवून इथे परत आले ती पुढे बऱ्याच वर्षांनी, एकटी. कुरण आहे अजून, त्याला आता कुणी हात लावू शकत नाही. एल्विनकाका त्या गावातून प्रांताच्या सभागृहात गेले, तिथून द हेगला. संसदेत राजाशी निष्ठेचं वचन द्यावं लागतं, आणि त्यांचा पंथ देव मानतो तो राजा वेगळाच, आफ्रिकेतला. तेव्हा पुन्हा गदारोळ झाला. ते म्हणाले, एका राजाची नदी सांभाळताना दुसऱ्याचा अपमान होत नाही. देशातल्या किती ओढ्यांचं पाणी त्यांच्यामुळे पुन्हा नितळ झालं हे मला माझ्या कामामुळे नेमकं माहीत आहे. रॉटरडॅमचे म्हातारेही हळूहळू परत आले. पेपरात काकांबद्दल लिहून आलं की त्यांच्या कारकिर्दीची खरी सुरुवात एका लहान गावातल्या एका मतापासून झाली. त्या मताच्या आधी कोण बोललं, ते पेपरात आलं नाही.

तर ती संध्याकाळ. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं, आणि प्रत्येक जण उभा न राहता बाजूने किंवा विरोधात एवढंच म्हणत होता. बाबांच्या साहेबांच्या हातात पेन होतं, ते खुणा करत होते. एल्विनकाकांचं नाव आलं. "विरोधात," ते म्हणाले, इतकं हळू की अध्यक्षांना पुन्हा विचारावं लागलं, आणि ते पुन्हा म्हणाले. अध्यक्षांनी मतं मोजली, समसमान म्हणाले, ठराव पडला म्हणाले. गॅलरीत खुर्च्या करकरल्या. बाबांचे साहेब लालबुंद झाले होते. ते बाबांकडे वळले आणि खाली, आईकडे हात करून विचारलं, "ही बाई कोण आहे? तू ओळखतोस का हिला?"

आईने भाषणात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. ती कधीच घेत नसे. आमचं आडनावही पुकारणाऱ्याने इतकं मोडलं होतं की त्यावरून काही कळलं नसतं. त्या कंपनीत हिंदुस्थानी माणसं आणखीही होती. बाबांना अजून काही महिने तिथे काढायचे होते, जाताना या साहेबाकडून शिफारस घ्यायची होती. हे सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं असणारच, ते हिशेबी माणूस होते. मी त्यांच्याकडे बघायला घाबरत होते. बाबा उभे राहिले. आमच्या बाबांनी ऑफिसात आवाज चढवलेला कुणी ऐकला नसेल, पण ते एवढ्या मोठ्याने बोलले की खालच्या रांगांतल्या लोकांनी माना वर केल्या.

"ती माझी बायको आहे," ते म्हणाले. आणि माझ्याकडे वळून मराठीत, नेहमीच्या आवाजात, "चल मिने, आईचा स्वेटर घे. बाहेर गार आहे."